आठ वेळा चार अंश

"पुराच्या चारही दिवसांत आरोग्य केंद्रातील लसींची शीतसाखळी अखंडित राहिली असून दिवसातून दोन वेळा, याप्रमाणे एकूण आठ वेळा, फ्रीजच्या तापमानाची प्रत्यक्ष नोंद घेण्यात आली आहे."

हे विधान आरोग्य विभागाचे आहे. ते टंकलिखित आहे, त्याखाली गोल शिक्का आहे, आणि पूर ओसरून चार दिवस झाल्यावर ते कचेरीबाहेरच्या फलकावर काचेआड कुलूपबंद करून लावण्यात आले. कुलपाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. इतका नाजूक ऐवज कोणी उघड्यावर ठेवत नाही.

विधानाखाली पुरावा म्हणून तक्ता जोडला होता. पहिला दिवस, सकाळ: चार अंश. संध्याकाळ: चार अंश. दुसरा दिवस, सकाळ: चार. याच चालीने चौथ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत. आठ नोंदी, आठ चौकार. तापाने फणफणलेले शरीर, चुलीवरचे आधण, नदीचे पाणी, माणसाचा स्वभाव, यांपैकी काहीही चार दिवस एका अंशावर टिकत नाही. वैद्यकात एवढी स्थिरता एकाच अवस्थेत आढळते, आणि त्या अवस्थेतल्या माणसाची नोंद वेगळ्या वहीत करतात.

आता बाकीच्या गोष्टी, ज्यांवर शिक्का नव्हता. आरोग्य केंद्र नदीकाठच्या उताराला होते. पहिल्या दिवशी पहाटे पाणी त्याच्या पायऱ्या चढले आणि दुपारपर्यंत आत माणसाच्या कमरेएवढे झाले. फ्रीज पुरुषभर उंचीचा. त्याची मोटर तळाशी, लसी वरच्या कप्प्यात. लसी कोरड्या राहिल्या आणि मोटर बुडाली. वीज तर त्याआधीच गेली होती, सगळ्या गावाची, आणि ती पाचव्या दिवशी आली. म्हणजे शीतसाखळीतला ‘शीत’ पहिल्याच दुपारी वाहून गेला होता. मागे उरली ती साखळी, आणि ती दाराला होती.

सहाव्या दिवशी त्याच फ्रीजमधल्या लसी शाळेत शिबिर भरवून त्रेचाळीस मुलांना टोचण्यात आल्या. उष्णतेने बाद झालेली लस आंबत नाही, नासत नाही, तिला वास येत नाही. ती बाटलीत आधीसारखीच दिसते आणि मुलाच्या दंडात जाऊन काहीच करत नाही.

त्या त्रेचाळिसांत एक नऊ महिन्यांची मुलगी होती. तिची आजी बाजारातल्या बोळात शिवणयंत्र चालवी आणि गावभर मावशी म्हणून ओळखली जाई. नातीला ती ‘बटण’ म्हणे, कारण ती सापडेल तिथून निसटे. शिबिरानंतर तिसऱ्या दिवशी बातमी आली की नदीच्या वरच्या अंगाच्या वस्तीत गोवर निघाला आहे, पाच मुलांना. मावशीने हातातला सदरा तसाच यंत्रावर सोडला आणि बटणाला कडेवर घेऊन ती कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली.

"हिला परत टोचून द्या," ती म्हणाली.

"टोचलीय ना?" कारकुनाने कार्ड पाहिले. "सही आहे, तारीख आहे. दिलेली लस परत देता येत नाही, मावशी."

"माझ्याकडे सदरा बिघडला तर मी उसवून परत शिवून देते."

"सदऱ्याचं तापमान ठेवावं लागत नाही. लस बिघडली असं कागदावर यायला लागतं. कागदावर चार आहे. चार म्हणजे चांगली."

"आणि फ्रीज पाण्यात उभा होता, ते?"

कारकुनाने तक्ता वरपासून खालपर्यंत खरोखरच शोधला. तो दुष्ट नव्हता. "पाण्याचा रकाना नाही यात," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मावशीच्या दुकानात दोघे जण आले. एक फ्रीज दुरुस्त करणारा, ज्याला पाचव्या दिवशी खुद्द आरोग्य विभागानेच मोटर साफ करायला बोलावले होते. दुसरे निवृत्त ग्रंथपाल. त्यांना गाव समोर ‘काका’ आणि मागे ‘तळटीप’ म्हणे, कारण त्यांच्या बोलण्यात मूळ मजकुरापेक्षा खुलासाच जास्त असे. त्यांनी अर्ज लिहून आणला होता. अकरा पाने.

"यात मी विधानाचे सतरा अंतर्विरोध दाखवलेत," काका म्हणाले. "त्यातले चौदा प्राणघातक आहेत."

"कुणाला?" फ्रीजवाल्याने विचारले. "वाचणाऱ्याला? काका, तुमची अकरा पानं तो आरोग्य विभागाचा साहेब फाइलीत घालणार, फाइल कपाटात, आणि कपाट पुढच्या पुरात."

"मग काय शिव्या द्यायच्या? सत्य पुराव्यानिशी मांडायचं असतं."

"मांडा की. पण मुलीला गोवर व्हायच्या आत मांडा."

मावशी काज करत होती. सुई न थांबवता ती म्हणाली, "भांडू नका रे. माणसाला दोष दिला की तो दार लावून घेतो, आणि कौतुक केलं की खुर्ची पुढे सरकवतो. आपण त्याचा सत्कार करू."

काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "सत्कार? त्याचा?"

"त्याचा नाही. कमरेएवढ्या पाण्यात आठ वेळा जाऊन ज्यानं तापमान पाहिलं, त्याचा. असा शूर माणूस आपल्या गावात आहे आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. लाज वाटायला हवी आपल्याला. लिहा, काका. आणि एकच पान लिहा हं."

काकांनी एक पान लिहिले. आयुष्यात त्यांनी इतके कमी कधी लिहिले नव्हते आणि इतके खोटेही. ‘आपल्या विभागातील त्या निर्भय कर्मचाऱ्याचे नाव कळवावे, म्हणजे शाळेच्या सभागृहात नागरिकांच्या वतीने त्यांचा यथोचित गौरव करता येईल.’ तळटीप घालायचा मोह त्यांनी दोनदा आवरला.

आरोग्य विभागात साध्या अर्जाला दीड महिना लागतो, तक्रारीला ऋतू. या पत्राचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी हातोहात आले. आरोग्य अधिकाऱ्याने आपल्या विभागाच्या सेवेची दखल घेतल्याबद्दल नागरिकांचे आभार मानले होते, परवा सकाळी दहाची वेळ कळवली होती, आणि पुढे म्हटले होते: ‘सदर नोंदी माझ्या मार्गदर्शनाखाली केंद्राच्या परिचारिकेने घेतल्या आहेत.’ पाठ थोपटून घ्यायला माणूस स्वतःच वळला होता, पण उद्या काही अंगाशी आलेच तर ते कोणाच्या अंगाशी यावे, याचीही सोय त्याने त्याच वाक्यात केली होती.

पत्राची बातमी केंद्रात पोचायला अर्धा तास लागला आणि सिस्टरला बाजारात पोचायला दहा मिनिटे.

"मावशी, मला कशाला शूर करताय?" ती दारातूनच ओरडली. "चार दिवस मी शाळेच्या गच्चीवर होते. तुमच्याच शेजारी! तुमचा पाय मी बांधला!"

"मला ठाऊक आहे गं. बस आधी. पाणी घे."

"नको मला पाणी, पाणी बघून झालं माझं. शिबिराच्या सकाळी मी साहेबांना विचारलं होतं, ही लस द्यायची का? त्यांनी तक्ता पुढे केला. म्हणाले, चार आहे. मला वाटलं, कुणीतरी बघितलं असेल." ती खाली बसली. "आता तो कुणीतरी मीच निघाले."

"मग परवा ये आणि तेवढंच सांग."

"नोकरी गेली तर?"

बटण रांगत येऊन सिस्टरच्या चपलेचा बंद चोखू लागली होती. सिस्टरने तिला उचलले, सवयीने तिच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावली, आणि ती कितीतरी वेळ काढली नाही.

शाळेच्या सभागृहात भिंतीवर पुराची तपकिरी रेघ ताजी होती. तिच्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे बसलेला प्रत्येक माणूस बुडालेला दिसत होता. त्रेचाळीस घरांपैकी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी आले होते. आरोग्य अधिकारी इस्त्रीचा कोट घालून आला. वयाने पन्नाशीचा, चेहऱ्याने सौम्य, आवाजात शिक्षकासारखी सावकाशी. त्याने आपत्ती, निष्ठा आणि सांघिक भावना यांवर बारा मिनिटे भाषण केले. टाळ्या पडल्या. काकांनी सर्वांत जोरात वाजवल्या. कडवट औषध ते नेहमी एका घोटात घेत.

"आता सिस्टर दोन शब्द बोलतील," मावशी म्हणाली.

सिस्टर उठली. "दोनच बोलते," ती म्हणाली. "मी नव्हते."

"म्हणजे?" अधिकाऱ्याने हसून विचारले.

"तापमान बघायला मी गेले नव्हते, साहेब. गच्चीवर होते. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी मला तिथे बघितलंय."

"अहो, आमच्या पोराचं डोकं शिवलं की हिनं!" मागून एका बापाने सांगितले. "तिसऱ्या दिवशी. दिवस मावळायच्या आत."

"संध्याकाळच्या नोंदीच्या वेळी," काका पुटपुटले. ही तळटीप मात्र त्यांना आवरली नाही.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "नावात काही कारकुनी गफलत झाली असेल. काही नोंदी मी स्वतः घेतल्या असण्याची शक्यता आहे."

सभागृहात कौतुकाची एक लाट उसळली, आणि ती अगदी खऱ्यासारखी हुबेहूब होती. "स्वतः साहेब!" कोणीतरी म्हणाले. "बघा, आणि आपण त्यांना काय काय बोललो!" एका आजोबांनी तर जागेवरून उठून नमस्कार केला.

"मला शिकायचंय, साहेब," फ्रीजवाला नम्रपणे म्हणाला. "वीस वर्षं झाली या धंद्यात. बुडालेल्या मोटरचा फ्रीज विजेशिवाय चारवर राहिला, हे मी कुठे बघितलं नाही. मोटरच्या पेटीतून मी ओंजळभर गाळ काढला आणि एक बोटभर मासोळी. जिवंत होती. ती चार अंशांवर होती का?"

हसू फुटले. अधिकारीही जरासा हसला. माणूस अगदीच वाईट नव्हता.

"आतली तापमापकाची काडी एकोणतीसवर होती," फ्रीजवाला पुढे म्हणाला. तो आता हसत नव्हता. "तसं मी चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी तुमच्या हातात दिली."

"हे बघा," अधिकारी म्हणाला, "तुम्हाला पद्धत माहीत नाही. रकाना कोरा ठेवता येत नाही. कोरा तक्ता वरून परत येतो. मग चौकशी, मग स्पष्टीकरण. पूर आला म्हणून तक्ता थांबत नाही."

"तेवढंच म्हणायचं होतं आम्हाला, की गोवरही थांबत नाही," मावशी म्हणाली.

ती उठून पुढे गेली आणि तिने बटणाला टेबलावर, हारासाठी मांडलेल्या तबकाशेजारी, बसवले. बटणाने लगेच अधिकाऱ्याच्या भाषणाचा कागद ओढला.

"डॉक्टरसाहेब, मला तुमची नोकरी नको. तुमची माफी घेऊन मी काय करू, तिचा काही फ्रॉक होत नाही. चिठ्ठी लिहिणारा इथे आहे, सिस्टर इथे आहे, त्रेचाळीस घरं इथे आहेत. लस बिघडली म्हणून कागदावर आलं तरच परत देता येते म्हणतात. तो कागद फक्त तुम्ही लिहू शकता. तुमचा तक्ता परत आला तर तुम्ही दुसरा लिहाल. हिचं काही झालं तर ही परत यायची नाही."

बटणाने कागद तोंडात घातला. अधिकाऱ्याने तो तिच्या मुठीतून हळूच सोडवला आणि, डॉक्टर करतात तसे, तिच्या जिभेवर तुकडा राहिला नाही ना ते पाहिले. मग त्याने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"पेन आहे का कुणाकडे?" त्याने विचारले.

पेन काकांनी दिले. त्याने उभ्यानेच लिहिले, मध्ये दोनदा थांबला, एकही शब्द खोडला नाही, आणि खाली सही करून शिक्क्यासाठी कारकुनाला हाक मारली. तो मजकूर शब्दशः असा:

"मी, आरोग्य अधिकारी, लिहून देतो की पुराच्या चार दिवसांत फ्रीजचे तापमान कोणीही पाहिले नाही. आठही आकडे मी पाचव्या दिवशी माझ्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिले. चार लिहिले, कारण वर्षभर रोज चारच असायचे. परिचारिकेचा यात काही संबंध नाही. तिने मला विचारले होते आणि मी तिला तक्ता दाखवला. त्रेचाळीस मुलांना दिलेली लस निकामी होती असे धरावे व ती पुन्हा द्यावी. नवी लस मी आज स्वतः जाऊन बर्फाच्या पेटीतून आणतो. मुलांना उद्या सकाळी आठ वाजता आणावे. तापमान एकोणतीस असल्याची चिठ्ठी मी शिबिराच्या आदल्या दिवशीच वाचली होती. शिबिर रद्द करावे असे मला वाटले होते, पण वरचे साहेब फोटोसाठी यायला निघाले होते."