बारा दगडांवरून दिसणारं जंगल

जंगल वाचवायचं तर आधी ते फोटोत जसंच्या तसं धरून ठेवलं पाहिजे. कारण माणूस विसरतो, सरकार विसरतं, फोटो विसरत नाही. हे फोटोकाकांचं मत. अकरा वर्षांत त्यांनी ते इतक्या सभागृहांत मांडलं, की प्रत्यक्ष जंगलात जायला त्यांना वर्षाकाठी दोनच दिवस उरायचे.

पण ते दोन दिवस म्हणजे शिस्त. पश्चिमेच्या उतारावर, बाराही महिने हिरव्या आणि ओल्या असणाऱ्या त्या जंगलात, काकांनी बारा दगड रोवले होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. दरवर्षी त्याच तारखांना, त्याच वेळी, त्याच दगडापाशी ट्रायपॉड लागायचा. उंची तीच, लेन्स तीच, कॅमेऱ्याचं तोंड तिकडेच. वाटेत ताजे बुंधे दिसायचे आणि काकांचं डोकं फिरायचं. त्या फिरलेल्या डोक्याने ते तडक दगड गाठायचे आणि समोरच्या उभ्या झाडांचा फोटो काढायचे. बुंध्यांचा का नाही काढत, असं एका बातमीदार बाईंनी एकदा विचारलं होतं.

"तो सहलीचा फोटो झाला," काका म्हणाले. "त्याची मागच्या वर्षाशी तुलना कशी करणार?"

आता गुरुवारी सरकारी समितीपुढे सुनावणी होती. लाकूड कंपनीला उतारावरची फक्त पडलेली झाडं उचलायची परवानगी होती. ती उभी झाडं पाडते हे सिद्ध झालं, तर परवाना रद्द. नाही झालं, तर आणखी वीस वर्षं. आकाशातून काढलेल्या फोटोंत तिथे वर्षभर ढगच दिसत. म्हणजे सगळी भिस्त काकांच्या फायलीवर.

सोमवारी सकाळी ते फाईल घेऊन मोठ्या बहिणीकडे गेले, कारण तिच्याकडे जेवणाचं टेबल लांबलचक होतं. ताईने तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले होते. काकांनी एकशे बत्तीस फोटो ओळीने मांडले. आजवर ते फक्त मागच्या वर्षाच्या फोटोशेजारी या वर्षाचा ठेवून बघत. सगळे एकत्र त्यांनीही कधी पाहिले नव्हते.

"बस ना जरा," ताई म्हणाली.

"बसतो," म्हणत काका खिडकीपर्यंत जाऊन आले.

ताई हात पाठीमागे बांधून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"हे अकरा वर्षांचे?"

"अकरा."

"एकाच दिवशीचे वाटतायत."

"अगं, नीट बघ! सात नंबरला उजवीकडची फांदी गेलीय."

"कशाने?"

"वाऱ्याने असेल."

"एक सांगू? चिडू नकोस."

"मी कधी चिडतो?" काका चिडून म्हणाले.

"पेशंटचा पाय मोडलाय, आणि तू अकरा वर्षं त्याच्या हाताचे एक्स-रे काढतोयस. हात ठणठणीत आहे. अभिनंदन."

काका बसले, उठले, पाणी प्यायले, ग्लास तीन नंबरच्या फोटोवर ठेवला. ताईने तो उचलला.

"या दगडांची जागा कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना! दरवर्षी अहवालात छापतो. अक्षांश, रेखांश, दिशा, कोन. कुणालाही पडताळा घेता यावा म्हणून."

"घेतलेला दिसतोय," ताई म्हणाली.

मंगळवारी पहाटेच काका गाडी घेऊन निघाले. सहा तास त्यांनी ना रेडिओ लावला, ना चहाला थांबले. उताराच्या पायथ्याशी कंपनीच्या मुकादमाची पत्र्याची खोली होती. भिंतीवर काकांचा अहवाल प्लास्टिकमध्ये घालून टांगलेला. प्रत्येक फोटोच्या कडेने लाल पेन्सिलची रेघ.

"या, काका, या! पण तारीख तर पुढच्या महिन्यात आहे ना?" मुकादम खुर्ची पुसू लागला. "तुमच्यामुळे फार सोय झाली बघा. आधी वरून रोज नवीन हुकूम. नदीकडचं राखा, रस्त्याकडचं राखा. आता भानगड नाही. फोटोत येतं तेवढं सोडायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं फोटोत कुठे येतं?" मुकादमाने सहज सांगितलं. मग आवाज खाली आणला. "सात नंबरच्या फांदीचं तेवढं माफ करा. मशीनचा दांडा लागला. ड्रायव्हरला मी तिथल्या तिथे झापला."

काका सात नंबरकडे धावतच गेले. समोर जंगल भिंतीसारखं दाट. त्यात शिरले आणि पावलं मोजू लागले. चाळिसाव्या पावलाला ऊन लागलं. पुढे थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत लाल माती आणि बुंधे. परत येऊन ते दगडापाशी उभे राहिले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागे वळून पाहिलं. तिकडेही तेच. ट्रायपॉड गाडीतच राहिला होता. काकांनी वाकडेतिकडे, धावत धावत दोनशे फोटो काढले.

गुरुवारी समितीच्या अध्यक्षबाईंनी ते एकेक करून पाहिले. कंटाळल्या नाहीत. अगदी शेवटपर्यंत पाहिले.

"फार वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या. "पण हे बुंधे आपोआप पडलेल्या झाडांचे नाहीत कशावरून? इथे आधी उभं जंगल होतं?"

"होतं! दाट होतं!"

"त्याचा फोटो?"

काका खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले. "तिकडे माझी पाठ होती."

"अकरा वर्षं?"

"अकरा."

मागच्या रांगेत ताईने कपाळाला हात लावला. कंपनीचे वकील उठले. काकांची उलटतपासणी घेणार असं सगळ्यांना वाटलं. ते काकांसमोर अदबीने वाकले.

"यांच्या शिस्तीबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. अकरा वर्षांचे सगळे फोटो आम्ही बिनशर्त मान्य करतो. झाड न् झाड जागेवर आहे, हे आमच्या वतीने यांच्याइतकं चोख कुणीच दाखवलं नसतं."

"अहो, पण मी यांच्या वतीने—" काका उभे राहिले.

"बसा, काका," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या.

काका बसले नाहीत. निकाल लिहून होईपर्यंत ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत राहिले. कुणी हटकलं नाही.

परवाना वीस वर्षांसाठी वाढला. फोटोंत दिसणारं जंगल समितीने कायमचं राखीव केलं. मोजणीत ते सव्वातीन एकर भरलं.