सलूकीचं नाव कोणी ठेवायचं

वाळवंटातल्या बेदुईन तळावरच्या सलूकींची नावं ठेवायचं काम चाळीस वर्षं मिखलिफकडे होतं. पाहुणा आला, कॉफी झाली, की तंबूच्या सावलीत पसरलेल्या सलूकी जातीच्या शिकारी कुत्र्याकडे बोट दाखवून तो विचारायचाच, "याचं नाव काय?" नाव ऐकून तो चकित झाला की यजमान म्हणायचा, "थांबा, अबू नाइफ सांगतील." मग मिखलिफ, म्हणजेच नाइफचा बाप अबू नाइफ, दोनदा खाकरून सांगायचा. 'परवा' जन्मला तेव्हा तंबूत एक पाहुणा उतरला होता. तो रोज म्हणे, परवा निघतो. पिलं डोळे उघडून पळायला लागली तरी त्याचा परवा काही उजाडला नाही. आणि 'खरजुली' ही तर तळावरची सगळ्यात देखणी कुत्री. देखण्या जनावराला देखणं नाव दिलं की नजर लागते, म्हणून तिच्या वाट्याला हे नाव आलं.

एरवी चारचौघांत मिखलिफला दोन वाक्यं धड बोलता येत नसत. नावाची गोष्ट सांगताना मात्र येत.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या चुलतभावाचा मुलगा शल्लाश शहरातून परत आला. शल्लाशला बोलायच्या आधी खाकरावं लागत नसे. दिवसभर झोपणाऱ्या आणि जेवायला सगळ्यांच्या आधी हजर होणाऱ्या एका पिलाचं नाव त्याने 'मंत्रीसाहेब' ठेवलं. तळ आठ दिवस हसत होता. मिखलिफही हसला, पण सगळ्यांच्या आधी थांबला.

"यात अर्थ काय आहे?" तो बायकोला म्हणाला.

"लोक हसले ना?" उम्म नाइफ पीठ मळता मळता म्हणाली.

"नावं काय हसण्यासाठी असतात?"

"मग तुमच्या 'परवा'ला काय लोक रडतात?"

त्या वसंतात म्हाताऱ्या खरजुलीला शेवटचं वेत झालं. पिलांपैकी एकच मादी जगली. वंश तिच्यावरच पुढे चालायचा होता. खरजुली होती मिखलिफच्या विधवा भावजयीची, उम्म सत्तामची. पिलाने पहिल्यांदा मांसाचा तुकडा चाटला की नाव ठेवायचं, असा रिवाज. मिखलिफने महिनाभर मनात घोळवून 'राखुंडी' हे नजर न लागणारं नाव पक्कं केलं होतं. बोलावणं आलं तेव्हा तो धुतलेला झगा घालून गेला.

शल्लाश आधीच तिथे बसला होता.

"या, अबू नाइफ," उम्म सत्ताम म्हणाली. "नाव ठेवलं बघा. मलिका! शल्लाशने सुचवलं. आईचा जन्म खरजुली म्हणून गेला, लेक तरी राणी होऊ दे की."

"काका, बसा ना," शल्लाश म्हणाला. "तुमच्या शिष्याने काम केलंय."

मिखलिफ बसला नाही. त्याने पिलू उचललं. मधाच्या रंगाचं, लांब तोंडाचं, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांचं. "काय डोळे!" तो म्हणाला. "काय पाय! अशी सलूकी मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

सगळे पुढच्या शब्दाची वाट पाहू लागले. नजर लागू नये म्हणून कौतुकामागून 'माशाल्ला' म्हणायचं असतं, हे तळावरच्या तान्ह्या मुलालाही ठाऊक. कोणी विसरलं तर मिखलिफ स्वतः टोकायचा. शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्याने तो गिळला, पिलू खाली ठेवलं आणि निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पिलू दुधाला तोंड लावेना. चौथ्या दिवशी ते उठेना. उम्म सत्ताम स्वतः त्याच्या तंबूपाशी आली. मागे शल्लाश मान खाली घालून उभा होता.

"अबू नाइफ, तुमचंच खरं. देखणं नाव बाधलं. आता तुम्हीच बदला."

राखुंडी! नाव ओठांवर आलंच. किती दिवस हे ऐकायची वाट पाहिली होती त्याने! शल्लाशची खाली गेलेली मान त्याने डोळे भरून पाहून घेतली. मग त्याचं लक्ष उम्म सत्तामच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने त्या दिवशी ते कौतुक ऐकलं होतं आणि न म्हटलेला शब्दही ऐकला होता. तिला नाव नको होतं. ज्याची नजर लागली त्याच्या अंगावरून उतरलेलं पाणी हवं होतं, नजर तशानेच उतरते. पण ते मागणं म्हणजे दिराला तोंडावर हेवेखोर म्हणणं. म्हणून बिचारी नाव मागत होती.

आणि न मागता ते देणं म्हणजे कबुली देणं.

मिखलिफने परात ओढली. तोंड धुतलं, हात कोपरापर्यंत धुतले, ते पाणी वाडग्यात ओतलं आणि वाडगा पुढे केला.

"हे तिच्या पाठीवर घाल. नावाचा काही दोष नाही."

उम्म नाइफने ओढणीने तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी पिलू दूध प्यायलं. त्या पाण्याने, की उम्म सत्तामने रात्रभर बोटाने शेळीचं दूध चाटवलं म्हणून, कोण जाणे. संध्याकाळी सगळे कॉफीला जमले. मिखलिफ कडेला, उंटाच्या खोगिराला टेकून बसला होता.

"मलिका नाव मी परत घेतो," शल्लाश म्हणाला. "आजपासून हिचं नाव 'मिखलिफचं पाणी'."

आधी उम्म सत्ताम हसली, आणि मग सगळा तंबू.

"काका, पाहुण्यांनी विचारलं तर गोष्ट तुम्हीच सांगायची हं! आमच्याकडून ती नीट व्हायची नाही."

मिखलिफचे कान तापले. कुत्री बारा-तेरा वर्षं जगेल, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारेल. त्याने ते नाव मनात उलटंसुलटं करून पाहिलं. कुठे कमी-जास्त आहे का, खोटं आहे का, हाक मारायला अवघड आहे का, सगळं तपासलं. एकही खोट सापडेना. आपल्या अब्रूपेक्षाही एक गोष्ट त्याला जास्त झोंबली. असं नाव चाळीस वर्षांत त्याला एकदाही सुचलं नव्हतं.