दोघांची गादी

"वीस वर्षांत माझ्या हातची एक गादी परत आली असेल, तर मिशी काढून ठेवीन," असं डॉक्टर येईल त्या गिऱ्हाईकाला सांगायचा. हा डॉक्टर म्हणजे गाद्यांच्या दुकानातला विक्रेता. नवरा-बायकोला पाच मिनिटं आडवं करायचं, कोण कुणाकडे कलंडतंय ते बघायचं आणि औषध लिहून द्यावं तशी गादी लिहून द्यायची, म्हणून दुकानात पडलेलं हे नाव. त्याची स्वतःची बायको सहा महिने हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती, ही गोष्ट तेवढी त्या भाषणात येत नसे.

तिचं म्हणणं सरळ होतं. "तुम्ही कूस बदलता, तेव्हा मला वाटतं मागून ट्रक येतोय."

आता तर तिनं टेप आणून हॉलची भिंत मोजली. सिंगल बेड घेते म्हणाली. डॉक्टरनं मनात हिशेब केला. दिवाणावर गेलेलं माणूस कधीतरी परत येतं. सिंगल बेडवरून कोण येतंय?

"एकदा दुकानात ये," तो म्हणाला. "मी शेजारी आहे हे तुला कळणारसुद्धा नाही, अशी गादी देतो."

"एवढं सुख कुणाच्या नशिबात," ती म्हणाली. पण आली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत 'आधीचं बरं की आत्ताचं?' विचारायचं, हेच तिचं काम. अशा बाईला गादी विकणं म्हणजे न्हाव्याला कंगवा विकणं. पहिली गादी तिला फरशीसारखी लागली. दुसरीवर बसली आणि म्हणाली, "हिच्यात मी बुडाले तर शोधायला याल का?" तिसरी दुकानातली सगळ्यात महाग. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, त्यामुळे एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला पोचत नाही.

"तुझ्या बाजूला भरलेला ग्लास ठेवतो, माझ्या बाजूला उडी मारतो. थेंब सांडणार नाही."

"दाखवा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

डॉक्टर पाणी आणायला गेला. वाटेत मालकानं उशांच्या एका तक्रारीवरून पकडला. ग्लास घेऊन परत आला, तर बायको गाढ झोपली होती. आणि गादीच्या दुसऱ्या अर्ध्यावर एक टकलू गृहस्थ, बूट खाली नीट जोडून ठेवलेले, पायात मोजे, छातीवर हात, तोही गाढ झोपला होता.

गल्ल्यावरची बाई नवी होती. तिनं डॉक्टरची बायको कधी बघितली नव्हती. ती कौतुकानं म्हणाली, "डॉक्टर, काय जोडी जमलीय बघा. तुम्हीच म्हणता ना, दहा मिनिटांत दोघांना झोप लागली की संसार उत्तम."

गृहस्थ जागा झाला, "छान आहे" म्हणाला, बूट घालून गेला. मग बायको उठली. सहा महिन्यांत तिचा चेहरा एवढा निवांत दिसला नव्हता.

"अहो, एकदासुद्धा हलला नाहीत. हीच घ्या."

खरं सांगायला डॉक्टरनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला हॉलची मोजलेली भिंत आठवली. "म्हटलं नव्हतं?" तो म्हणाला आणि ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

रविवारी सकाळी गादी घरी आली. दुपारी दोघं आडवी झाली. डॉक्टर फळीसारखा पडला, श्वाससुद्धा हप्त्यानं घेत होता. पंधराव्या मिनिटाला पोटरीला खाज सुटली.

ती उठून बसली. "ही ती नाही."

"तीच आहे."

"मग तसे झोपा. दुकानात झोपला होतात तसे."

डॉक्टरनं छातीवर हात ठेवले. तिनं मान हलवली. त्यानं मोजे घातले. ती पुन्हा पडली, डोळे मिटले, उघडले. "आधीचं बरं होतं."

शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं. आता भांडेल, असं त्याला वाटलं; भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "गादी घेतली का त्यांनी?"

"नाही. उशी घेतली."

"शांत माणूस," ती म्हणाली. मग म्हणाली, "परत करा ही. सात दिवस आहेत ना? तेवढ्यात माझा सिंगल बेड येईल."

"ग्लास तरी बघ," डॉक्टर म्हणाला. त्याच्याकडे आता दाखवायला तेवढंच उरलं होतं. त्यानं तिच्या बाजूला भरलेला ग्लास ठेवला आणि आपल्या बाजूला उडी मारली. ग्लास आडवा झाला.

भिजलेली गादी दुकान परत घेत नाही. ती पाटी डॉक्टरच्याच अक्षरातली. म्हणजे मिशी वाचली. दोघांनी गादी उचलून वाळत घालायला गॅलरीत नेली, कठड्यावर टाकली आणि एकेक बाजू धरून दोघं उभी राहिली. डॉक्टरच्या हातून त्याची बाजू सुटली. बायकोच्या बाजूला काहीच जाणवलं नाही. गादी तीन मजले खाली गेली.