ढगांवरचे मारोतराव

मी फ्लेक्स बोलतोय. हो, तोच, ज्याच्यासमोर उभे राहून तुम्ही आधी आपला फोटो शोधता आणि नसला की तोंड फिरवता. केनवडच्या बस थांब्यावरच्या लोखंडी कठड्याला मला तारेनं बांधलंय. एक कोपरा फाटलाय, पोटावर सोयाबीनच्या काड्यांचे ओरखडे आहेत. एका पुस्तकाचं नाव लोकांना सांगायचं, एवढ्या एका कामासाठी माझा जन्म झाला. तेवढं सोडून बाकी सगळं माझ्याकडून करून घेतलं गेलं.

पुस्तक मारोतरावांचं. मारोतराव म्हणजे मिरची-हळदीचं दुकान घेऊन आठवडी बाजार करणारा माणूस. आज केनवड, मग किन्हीराजा, कधी पार कारंजा लाड. जमिनीवर पोतं अंथरायचं, पुढ्यात तराजू ठेवायचा आणि दिवसभर माणसं ऐकायची. मिरची घेता घेता कोणी सुनेचं गाऱ्हाणं सांगे. कोणी आजारी भावाबद्दल बोलता बोलता रडे. एक म्हातारा तर नुसता मसाल्याचा वास घ्यायला यायचा, त्यालाही ते बसायला पोतं द्यायचे. गुडघे थकले तसं बाजार करणं सुटलं, आणि मग त्यांनी हे सगळं लिहून काढलं. नाव ठेवलं 'तराजूच्या अलीकडे'.

प्रकाशक मिळाला नाही. एकानं हस्तलिखित वर्षभर ठेवून घेतलं आणि बांधलेली सुतळीही न सोडता परत पाठवलं. मग मारोतरावांनी वाशिमच्या एका छापखान्यात स्वतःच पुस्तक छापून घेतलं. गाठीला होतं ते सगळं छपाईत गेलं. पुस्तकांची खोकी घरी आली आणि खाटेखाली गेली.

"आता लोकायले मालूम कसं पडीन?" त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं विचारलं. बाईला अक्षरओळख नाही, पण बाजार कळतो.

"फ्लेक्स लावू. थांब्यावर सारे बाजारवाले उतरतेत. त्यायच्याच तं गोष्टी हायेत. त्यायनं वाचलं म्हंजे माह्यं झालं."

माणसाची हाव बघा केवढी! बक्षीस नको, पेपरात नाव नको. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी वाचावं, बस.

माझा जन्म रिसोडला, नरेंद्र नावाच्या पोराच्या दुकानात झाला. मारोतरावांच्या खिशात फ्लेक्सपुरतेही पैसे नव्हते, म्हणून गावातले दोन भावी नेते धावून आले. भावी नेते फुकट धावत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला त्यांचे हात जोडलेले उभे फोटो आले, मारोतरावांपेक्षा हातभर मोठे. राहिला नक्षीचा प्रश्न.

"काका, नव्या डिझाइनचे पैसे अलग लागतेत," नरेंद्र म्हणाला. "माह्यापाशी एक जुनी फाइल हाय. तिच्यातच बसवून देतो. लय भारी बॅकग्राउंड हाय."

मारोतराव हो म्हणाले. बिचाऱ्यांना चष्म्यातून ते आभाळ छानच दिसलं. निळं आकाश, पांढरे ढग, खाली तेवती समई आणि मधोमध पांढऱ्या फुलांची गोल चौकट. त्या चौकटीत आदल्याच आठवड्यात कोणाची तरी आजी होती आणि खाली तिच्या तेरवीची तारीख होती. आजीला काढलं, मारोतरावांना बसवलं. फोटो बँकेच्या पासबुकावरचा. त्यात माणूस हसत नाही. फोटोच्या वर पुस्तकाचं नाव आणि अगदी तळाशी, शेळीच्या तोंडाला लागेल एवढ्या उंचीवर, बारीक अक्षरात 'प्रकाशन सोहळा, रविवारी'.

मला थांब्यावर बांधलं आणि कोणीतरी माझा फोटो काढून बाजारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पहिल्यानं अभिनंदन म्हणून हात जोडलेलं चित्र टाकलं. दुसऱ्यानं ते हात बघितले, ढग बघितले आणि लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग काय, मेंढरामागं मेंढरू. संध्याकाळपर्यंत पन्नास जणांनी मारोतरावांना पोहोचवून टाकलं. फोटो मोठा करून तळाची ओळ एकानंही वाचली नाही.

मारोतरावांचं घर थांब्याच्या मागंच आहे, अंगण मला इथून दिसतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं किन्हीराजाची ललिताबाई उतरली. ती बाजारात बांगड्या विकायची, मारोतरावांच्या शेजारीच बसायची. अंगणात शिरतानाच तिनं हंबरडा फोडला.

"अवं माय कस्तुरे! असा कसा गेला व देवमाणूस!"

कस्तुराबाई तूर पाखडत होती. "कोठं गेला? मागं आंघोळ करून राह्यले ना."

ललिताबाईला वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. तिनं कस्तुराबाईला छातीशी धरलं आणि आणखी मोठ्यानं रडली. तेवढ्यात दुसरी बस आली. अंगण भरलं. कोणी डब्यात पिठलं-भाकर आणली होती. माणसं बोलू लागली. मारोतरावच्या मापात कधी खोट नव्हती. पोरीच्या लग्नाची हळद त्यानं घरी आणून दिली होती. माझा भाऊ गेला तेव्हा दुकान तसंच सोडून माझ्यासोबत आला होता.

मारोतराव ओल्या अंगानं दाराआड उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. एवढं सुख मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. राहवेना तसे ते बाहेर आले.

"अरे, हे समदं पुस्तकात लिवलं हाय न म्या!"

मग ललिताबाईचे डोळे कोरडे झाले.

"जित्ता हायेस तं आमाले कायले बलावलं?"

"म्या कोठं बलावलं? रविवारी पुस्तकाचं प्रकाशन हाय. त्याचा फ्लेक्स हाय थो."

"असा असते काय पुस्तकाचा फ्लेक्स? भाड्याचे पैसे गेले न माहे!"

ते जिवंत आहेत याचा आनंद कोणालाच झाला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. फसवल्यासारखी तोंडं करून माणसं उठली. मारोतरावांनी घाईघाईनं एक खोकं फोडून प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं, फुकट. "रविवारी येजा," म्हणाले.

"आता आलोच होतो न बावा. पुना कायले?"

परतीच्या बसची वाट बघत ललिताबाई माझ्यासमोर बाकड्यावर बसली. बाकडं उन्हानं तापलं होतं, म्हणून तिनं पुस्तक बुडाखाली घेतलं. बस आली तशी उठून गेली. पुस्तक तिथंच राहिलं. त्यातली पहिलीच गोष्ट तिच्यावर होती.

रविवारी कोणी आलं नाही. एका आठवड्यात एकाच्या दारी दोनदा कोण जातं? भावी नेते तेवढे आले. चमकीचा कागद फाडला, पुस्तकं छातीशी धरली, फोटो निघाला आणि गाड्या निघाल्या. पुस्तकं टेबलावरच होती. मारोतरावांनी लिहून आणलेलं भाषण तरीही पूर्ण वाचलं. समोर रिकाम्या खुर्च्या, मांडववाला आणि कस्तुराबाई.

पुढे मला कठड्यावरून सोडवून शेतात नेलं आणि सोयाबीनच्या गंजीवर पांघरलं. दोन हंगाम मी तिथं होतो. मारोतराव कधी कधी येत, माझ्यावरचं पुस्तकाचं नाव शर्टाच्या बाहीनं पुसत आणि मोठ्यानं वाचत. ऐकायला गंजीवर दाणे टिपणारे होले होते, दुसरं कोणी नाही.

या उन्हाळ्यात मारोतराव खरंच गेले. मुलगा हरीओम पुण्याहून आला. गावानं माती दिली, जवळच्या नातेवाइकांना फोन झाले. बाजारवाल्यांना कळावं म्हणून त्यानं नरेंद्रला फ्लेक्स सांगितला.

"नवा कायले करता भाऊ?" नरेंद्र म्हणाला. "तोच धुवून लावा. फोटो तोच, ढग तेच. म्या फक्त पट्टी मारून देतो."

मला साबणानं धुतलं. पुस्तकाच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तळाच्या ओळीवर दुसरी पट्टी, तेरवीची तारीख. आता कुठं मी माझ्या ढगांना शोभायला लागलो. फोटो पुन्हा ग्रुपवर गेला. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. हसण्याची चित्रं आली. 'आता दुसरा भाग काढला काय काकानं?' एकानं विचारलं. 'आमी नाही फसत बावा,' असं खाली ललिताबाईच्या मुलानं लिहिलं. हरीओम त्या ग्रुपमध्ये नव्हता, खरं सांगायला कोणीच नव्हतं.

तेरवीला बाजारवाल्यांपैकी एकही आला नाही. कस्तुराबाई दर बसला दारात येऊन उभी राहायची. केनवडला उतरणारे माझ्याकडे बघत, एकमेकांना कोपर मारत आणि हसत पुढं जात. पंगतीचं वरण संध्याकाळी गुरांना गेलं.

हरीओम परत गेला. मी इथंच आहे. उन्हानं माझ्यावरच्या पट्टीचा डिंक सुटायला लागलाय. काल वाऱ्यानं ती अर्धी उचलली आणि किती दिवसांनी 'तराजूच्या' एवढं दिसलं. मला वाटलं, आणखी एक झुळूक येऊ दे. ज्या कामाला जन्मलो ते निदान मरताना तरी होऊ दे.

तेवढ्यात कस्तुराबाई आली. पट्टी लोंबून मारोतरावांच्या तोंडावर येत होती. तिनं वाटीत भाताची खळ आणली होती. तिनं ती पट्टी हळूच सरळ केली, मागं खळ लावली आणि तळहातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली. कडा अंगठ्यानं पुन्हा पुन्हा घट्ट केल्या. पट्टीखाली काय लिहिलंय ते तिला कसं कळणार?

"आता नाही निघत," ती फोटोला म्हणाली.

तुम्हाला वाचता येतं, म्हणून तुम्हाला सांगतो. थांब्याच्या मागचं घर, खाटेखाली खोकी आहेत. बाई पैसे मागत नाही. पुस्तक न्या, पण बसायला नेऊ नका.