काठीचा एक ठोका

ईस्टरच्या शनिवारी सकाळी एनिड रेस्ट्रिकने कॅरव्हॅनमधला नळ उघडला आणि काहीच झालं नाही. पाणी आलं नाही ते आलंच नाही, पण आवाजही झाला नाही. दर वर्षी पहिल्यांदा नळ उघडला की पुढच्या बाकाखालून पंपाची घरघर ऐकू यायची, नळ दोन-चार वेळा खोकायचा आणि मग पाण्याची धार लागायची. यंदा तो खोकलासुद्धा नाही.

तिने नळ बंद केला, पुन्हा उघडला. न्हाणीतला उघडला. शॉवरचा उघडला. तिन्ही मुके.

तोवर दिवस छान चालला होता. एकोणचाळीस मैल कॅरव्हॅन, म्हणजे ते चाकांवरचं घर, मागे ओढत गाडी तिने एकटीने चालवली होती. शेताच्या फाटकातून उलटी आत घेताना शेजारच्या कॅरव्हॅनमधला देसमंड एप्लिन हातवारे करत पुढे-मागे धावला होता आणि कुंपणाचा एकही खांब पडला नव्हता. चाकांखाली फळ्या सरकवून पातळी साधली, कॅरव्हॅनचे चार पाय खाली सोडले, चाळीस लिटरची टाकी लोळवत नळावर नेली, भरली आणि लोळवत परत आणली. शेतमालकिणीने पायरीवर सहा अंडी ठेवली होती. त्या क्षणी एनिडला सगळ्या जगाचे उपकार वाटले होते.

बाहेरची कामं तिच्या नवऱ्याची, क्लिफर्डची, आणि आतली एनिडची, हा नियम त्यांच्याकडे एकतीस वर्षं चालला होता. तसा तो या शेतावर उतरणाऱ्या पाचही कुटुंबांचा होता. पाणी, सांडपाणी, गॅस, वीज नवऱ्याची. गाद्या, भांडी, किटली बायकोची. एनिड शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. छत्तीस वर्षं तिने पोरांना बॅटरी, बटण आणि दिवा जोडून दिला, पण आपल्याच कॅरव्हॅनच्या बाकाखाली काय आहे हे कधी वाकून पाहिलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

नोव्हेंबरात क्लिफर्डला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय घासत चालू लागला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं समजायचं, बाहेर मात्र काही पडत नव्हतं. उपचार करणाऱ्या बाईंनी काठीचे ठोके शिकवले. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सगळा हिवाळा तो खिडकीशी बसून होता आणि त्या दोन उत्तरांवर त्याचा दिवस निघत होता. भूक लागली? थंडी वाजते? टीव्ही लावू?

मार्चमध्ये एनिडने त्याच्यासमोर बसून सांगितलं होतं, "क्लिफ, ईस्टरला जाऊ. बाहेरचं सगळं मला जमलं तर कॅरव्हॅन ठेवू. नाही जमलं तर विकू. मंगळवारी एक गिऱ्हाईक बघायला येणार आहे, त्याला मी अजून नाही म्हटलेलं नाही." सावकाश एक ठोका पडला होता.

या शेतावर ना संडास, ना न्हाणीघर. एक नळ, एक गटार आणि टिटव्या. क्लिफर्डला दिवसातून दोनदा धुवावं-पुसावं लागे. बादलीवर एक रात्र निभावली असती, तीन नाही.

"पाणी नाही?" देसमंड दारात उभा होता. कुणाच्या कॅरव्हॅनचं काही बिघडलं की त्याला वास यायचा आणि हत्यारांची पेटी त्याच्या हातात आपोआप यायची. मागून त्याची बायको ग्लेनिस घरातल्या सपाता घालून आली.

"हवा अडकली असणार," देसमंड म्हणाला. "पाइप हलव जरा."

"हवा अडकली तर पंप फिरतो, पाणी येत नाही," एनिड म्हणाली. "हा फिरतच नाहीये."

"मग फ्यूज." त्याने कपाटातलं पॅनेल उघडलं, रंगीत फ्यूज एकेक करून उपसले, उजेडात धरले आणि परत बसवले. "सगळे धडधाकट. पंपाच्या बटणाचा दिवाही लागतोय. मग नळ उघडला की पंप सुरू करणारी नळांच्या आतली बटणं गेली. हिवाळ्यात दमट होतात."

"तिन्ही? एकाच दिवशी?"

"अगं, माझ्या मेव्हण्याची दोन गेली होती."

"तुझा मेव्हणा नळ धुतो तरी का?" ग्लेनिस म्हणाली.

क्लिफर्ड बाहेर कापडी पडवीत खुर्चीत बसला होता. त्याने काठी उचलून कॅरव्हॅनच्या दाराकडे केली.

"गार वाटतंय त्याला," ग्लेनिसने सांगितलं आणि आतून घोंगडी आणून त्याच्या गुडघ्यांवर पसरली. क्लिफर्डने घोंगडी ढकलून दिली. तिने ती पुन्हा पसरली.

"काय रे म्हाताऱ्या," देसमंड आतूनच ओरडला, "परत स्वस्तातला पंप आणलास ना? गेल्या ईस्टरला काय झालं होतं, आठवतं का?"

गेल्या ईस्टरला पंप जळालेला निघाला होता. क्लिफर्डने सगळ्यांसमोर खांदे उडवून म्हटलं होतं, स्वस्तातला घेतला, भोगतोय. सबंध मोसमभर देसमंडने त्याला सोडलं नव्हतं. त्याचा कंजूसपणा हा शेतावरचा आवडता विषय होऊन बसला होता.

देसमंडने पुढचा डावा बाक उघडला. पंप तिथेच होता, पावाच्या लादीएवढा. त्याने एक सुटी बॅटरी आणून दोन वायरी थेट पंपाच्या टोकांना लावल्या. पंप गुरगुरला. ग्लेनिस तेव्हा न्हाणीतल्या नळात डोळा घालून पाहत होती. नळ खोकला आणि तिच्या तोंडावर थेट धार बसली.

"देसमंड!"

"म्हणजे पंप चांगला. आणि तिन्ही बटणं एकदम जात नाहीत, म्हणजे नळही चांगले," देसमंड खूष होऊन म्हणाला.

"आणि माझं डोकं?"

"ते आधीपासून तसंच आहे."

एनिड हसली आणि बोटांवर मोजू लागली. पंप बरा, नळ बरे, पॅनेल बरं. मग दोष उरला पॅनेलपासून पंपापर्यंतच्या वायरीत, आणि ती वायर भिंतींच्या आत कुठून कशी गेली होती देव जाणे.

"भिंती उघडाव्या लागतील," देसमंड म्हणाला. "कारखान्याचं काम आहे. सुट्ट्या चालू आहेत, मंगळवारपर्यंत कुणी हात लावणार नाही. तोवर ही बॅटरी अशीच ठेवतो. पाणी हवं तेव्हा वायरी टेकवायच्या."

एनिडने जमिनीवरच्या दोन उघड्या वायरींकडे पाहिलं. क्लिफर्डचा उजवा पाय बरोबर तिथूनच घासत जायचा.

"नको. क्लिफ अडकून पडेल. राहू दे, देसमंड. खूप केलंस तू." ती वायरी गुंडाळू लागली. "आम्ही जेवून निघतो."

बाहेर काठी आपटली. दोनदा. मग पुन्हा दोनदा, इतक्या जोरात की पडवीच्या फळ्यांवरचा कप कलंडला.

"दमला बिचारा," ग्लेनिस हळूच म्हणाली.

एनिड दारात जाऊन उभी राहिली. क्लिफर्डचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे तिच्यावर रोखलेले होते. एकतीस वर्षांत असा चेहरा तिने फक्त एकाच प्रसंगी पाहिला होता, देसमंड त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच कॅरव्हॅनचं काहीतरी चुकीचं जोडत असताना. हा माणूस दमलेला नव्हता, वैतागलेला होता.

"तुम्ही दोघं जरा तुमच्याकडे जाता?" ती म्हणाली. "ग्लेनिस, केस पुसून घे. मी हाक मारते."

ते गेल्यावर तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्यांना गुडघे लागतील अशी समोर बसली.

"क्लिफ, काय बिघडलंय ते तुला ठाऊक आहे?"

एक ठोका.

एनिडला एकदम लाज वाटली. पाच महिने या माणसाला सगळ्यांनी भूक, थंडी आणि टीव्ही एवढंच विचारलं होतं. तिनेही. ज्या विषयात त्याच्याइतकं शेतावर कुणाला कळत नव्हतं, त्यावर त्याला एक प्रश्न विचारावा असं कुणालाच सुचलं नव्हतं. आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे हो आणि नाही होतंच की! बिघाड शोधायला अजून लागतं काय? अर्धा भाग घ्यायचा आणि विचारायचं, इथे की तिथे. चौसष्ट जागांमधली एक शोधायला सहा प्रश्न पुरतात. हे तिने पोरांना किती वर्षं शिकवलं होतं.

तिने शेताच्या पावतीमागे कॅरव्हॅन वरून दिसते तशी काढली. पॅनेल मागे, पंप पुढे.

"मधल्या दारापासून पंपाकडे?"

दोन ठोके.

"म्हणजे मागे. डावीकडे?"

दोन.

"उजवीकडे. भिंतीत?"

दोन.

"भिंतीत नाही?" तिने पावतीवरच्या चित्राकडे पाहिलं. "उजवीकडे मागे तर कपड्यांचं कपाट आहे फक्त. कपाटात?"

एक ठोका. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

"वर?"

दोन.

"तळाशी. फळीखाली?"

एक.

ती आत गेली, कपाटातले रबरी बूट बाहेर काढले आणि तळाची फळी चाकूने उचकटली. खाली पंपाची लाल वायर होती. ती मध्येच कापून तिच्यावर एक काळी डबी बसवली होती, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी इतकी नीटस गुंडाळलेली की क्लिफर्डखेरीज ते काम कुणाचंच असू शकत नव्हतं. तिने डबी उघडली. फ्यूजची जागा रिकामी होती.

"क्लिफ!" ती तिथूनच ओरडली. "इथे अजून एक फ्यूज होता. तू बसवलास?"

एक ठोका.

"आणि काढलासही तूच?"

एक.

"मग ठेवलास कुठे रे बाबा?"

'कुठे'ला ठोका नव्हता. ती बाहेर आली. त्याने काठी उचलून आत, ओट्यावरच्या फडताळाकडे केली. सकाळपासून तो तिकडेच काठी करत होता.

फडताळात त्यांचा जुना पत्र्याचा चहाचा डबा होता. या शेतावर कुणीही उतरलं की दुसरं काही करण्याआधी चहा टाकायचं, आणि त्यांच्याकडे तो पहिला चहा तेवढा क्लिफर्ड टाकायचा. यंदा शेतावरच्या नळाचं पाणी आणून एनिडने टाकला होता, पण डब्यातला चहा हिवाळाभर पडून शिळा झाला असेल म्हणून घरून नवं पाकीट आणलं होतं. डबा तिने उघडलाच नव्हता.

आता उघडला. चहाच्या पुड्यांवर कागदाची घडी होती. घडीत लाल फ्यूज आणि क्लिफर्डचं उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर. ते तिने ऑक्टोबरनंतर पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा दिसणारही नव्हतं.

"पंपाचा फ्यूज. आधी चहा, मग हा."

कागद हातात घेऊन ती तशीच बाहेर आली. पुन्हा त्याच्या समोर बसली.

"एक कळत नाही," ती म्हणाली. "फ्यूज काढायचाच होता तर पॅनेलमधला काढायचा. वेगळी डबी कशाला? बॅटरी उतरू नये म्हणून?"

दोन ठोके.

"पंप कोरडा फिरू नये म्हणून?"

एक.

"पण हिवाळ्यात आपल्या दारात उभ्या कॅरव्हॅनमध्ये पंप कोण सुरू करणार? मी सोडून आत कुणी जात…"

ती बोलता बोलता थांबली. तिला गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठवला. आत साफसफाईला गेली होती, दिव्यासाठी मुख्य बटण दाबलं होतं. गारठ्यात पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून क्लिफर्डने टाकी रिकामी करून सगळे नळ उघडे ठेवले होते. कुठून तरी घरघर येत होती. तिला वाटलं, फ्रिज असेल. तीन तास ती पडदे धूत होती.

"गेल्या वर्षीचा पंप," ती हळूच म्हणाली, "मी जाळला?"

क्लिफर्डने टिटव्यांकडे पाहिलं.

"क्लिफ. मी विचारतेय."

एक ठोका, अगदी हलका.

"आणि पॅनेलमधला फ्यूज काढला असतास तर मला दिसला असता. मी विचारलं असतं. मग मला कळलं असतं."

एक.

"म्हणून स्वस्तातला पंप घेतला असं सगळ्यांना सांगितलंस. वर्षभर त्या देसमंडचं ऐकून घेतलंस."

एक ठोका. आणि मग त्याचा डावा खांदा हलू लागला. एनिडला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने त्याचा उजवा हात, काही न जाणवणारा, दोन्ही हातांत घेतला आणि तीही हसली. मग तिचं हसणं जरा बिघडलं आणि तिने नाक पुसलं.

"शहाणाच आहेस," ती म्हणाली. "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

एक ठोका.

फ्यूज तिने स्वतः बसवला. आधी मुख्य बटण बंद, मग फ्यूज, मग डबी, मग फळी. बटण दाबताच पुढच्या बाकाखालून घरघर आली. स्वयंपाकघरातला नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. न्हाणीतला वाहिला, शॉवरचा वाहिला. दोन मिनिटांनी तिने तिन्ही बंद केले आणि पंप आपला आपण थांबला.  त्या पंपाचे, त्या वायरीचे, ती चिकटपट्टी गुंडाळणाऱ्या हाताचे तिला मनापासून आभार मानावेसे वाटले, आणि मान्य करायला हरकत नव्हती, पाइप हलवायला सांगणाऱ्या देसमंडचेही. पंप बरा आहे हे त्याच्यामुळेच कळलं होतं.

तिने किटली भरली आणि पडवीतून हाक मारली. एप्लिन मंडळी आली. ग्लेनिसच्या डोक्याला टॉवेल होता.

"काय होतं?" देसमंडने विचारलं.

"क्लिफने शोधलं," एनिड म्हणाली. "मी नुसती वाकले. आणि ऐक, देसमंड. गेल्या वर्षीचा पंप स्वस्तातला नव्हता. तो मी जाळला होता. त्याने माझ्या चुकीवर पांघरूण घातलं."

देसमंडने कप खाली ठेवला. "म्हणजे मी वर्षभर…" त्याने क्लिफर्डकडे पाहिलं. "अरे, निदान मला तरी सांगायचंस, म्हाताऱ्या!"

दोन ठोके.

"तुला सांगायचं म्हणजे शेतातल्या मेंढ्यांनासुद्धा सांगायचं," ग्लेनिस म्हणाली.

एक ठोका.

चहा झाला, अंडी उकडली. एनिडने कोमट पाणी काढून क्लिफर्डचं तोंड, मान, हात सावकाश पुसले आणि त्याला टिटव्यांसमोर नेऊन बसवलं. मग फोन हातात घेतला.

"मंगळवारच्या माणसाला कळवते, येऊ नका म्हणून. कळवू ना?"

ठोका एकच पडला, पण पलीकडच्या कॅरव्हॅनमध्येही ऐकू गेला असेल.

फोन झाल्यावर तिने टेबलावरचा कागद पूर्वीच्याच घडीवर दुमडला आणि चहाच्या डब्यात परत ठेवला. ऑक्टोबरमध्ये फ्यूज काढून कॅरव्हॅन बंद करताना तो पुन्हा लागणार होता.