वरचा देश, खालचा देश

परतूरच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेसाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. एक नदी, दोन देश. नावं नकोत, म्हणाले, नुसतं वरचा आणि खालचा. भावनाच्या चिठ्ठीत वरचा देश निघाला अन् तिनं ती उलटून पुन्हा वाचली.

तिचं शेत कालव्याच्या पार टेलला, शेवटच्या टोकाला. तिथवर पाणी यावं म्हणून तिचा बाप अंगद अर्धं आयुष्य भांडलेला. तो आज तिचं बोलणं ऐकायला मागच्या बाकावर येऊन बसला होता. खालच्या देशाकडून बोलणारा कल्याण मात्र कालव्याच्या मुखाजवळचा. त्याच्या उसाला तहान ठाऊक नव्हती.

"आमची पिकं वाळून राह्यली," कल्याणनं सुरुवात केली. "करार झालाय. धरणाचे दरवाजे उघडा."

भावनाला आठवावं लागलंच नाही. वरच्या गावची माणसं पाणीवाटपाच्या बैठकीत बोलायची, ते सारं तिच्या कानात कणगीतल्या दाण्यासारखं साठलेलं.

"करार जुना. तवा पाऊस निराळा होता. आधी मोजणी करू."

"त्याला किती दिवस?"

"घाई तुम्हाला हाय, आम्हाला न्हाई."

पोरं हसली.

"मग जगाच्या कोर्टात जाऊ."

"जा की. तुमच्या घरातली वीज आमच्याकडून येते, तेवढं ध्यानात ठेवून जा."

कल्याण चाचरला. "पण पाणी सगळ्यांचंच असतं ना?"

"असतंच. आमचं भागलं की तुमचंच."

टाळ्या पडल्या, बक्षीसही तिलाच. तिला मागच्या बाकाकडं बघवेना. बोलताना आवाज जरासुद्धा कापला नव्हता, तेच तिला डसत राहिलं.

एसटी स्टँडवर ती बापाशेजारी बाकावर टेकली.

"दादा, चिठ्ठी निघाली म्हणून बोलले. मनातलं न्हाई."

"कळतंय बाई. बराबर बोललीस. वरच्या गावचा सरपंच बोलून राह्यला, असंच वाटलं." तो बोटं मोडत होता. "मंग आता सांग, 'आमचं भागलं की तुमचंच' म्हणलं, तर खालच्यानं काय म्हणावं? उद्या बैठक हाय."

भावना उठली, बसली, पुन्हा उठली. "तुम्ही वरचे व्हा. मी खालची."

अंगद खाकरला. "आमचं भागलं की तुमचंच."

"किती पाण्यात भागतं तुमचं? आकडा सांगा."

"तुला कशाला सांगू?"

शब्द इतक्या सहज आले, की अंगद स्वतःच दचकला. मग हळू म्हणाला, "सरपंचबी हेच म्हणंल."

गाडी लागली. लोक धावले. ही दोघं जागची हलली नाहीत.

"परत," भावना म्हणाली. "पहिल्यापासून."