दारावरच्या रेघा

"अकाउंट्स का घेणार, एका वाक्यात सांगा. विद्यापीठाला कळवायचंय," सर म्हणाले.

रेवदंड्याच्या बारावीने विद्यापीठाला निराश केलं नाही. परेश म्हणाला, त्यात गणित कमी असतं. मितेशकडे थोरल्या भावाची पुस्तकं होती. भावाने कधी उघडली नसल्यामुळे अगदी कोरी.

प्राप्ती उभी राहिली. "सर, येसाजीशेठची वही तपासायला."

वर्ग खदखदून हसला. सुक्या मासळीचे व्यापारी येसाजीशेठ शाळेचे देणगीदार. सरांनी लिहिलं : 'विषयाची आवड.'

प्राप्तीची आई चंद्राबाई जवळा सुकवून शेठला घालायची. तिला अक्षर येत नव्हतं. दहा किलोची पाटी भरली, की ती घराच्या दारावर कोळशाने एक रेघ ओढी. शेठच्या वहीत मात्र दर पाटीमागे दोन किलो तूट. कधी वाळूची, कधी ओलीची, उरलेली नशिबाची.

"माज्या दारावर दोन रेघा हायत, शेठ! वीस किलो व्हतंय!"

"मंग दारच घेऊन ये ना, चंद्रे. त्याचं बी वजन करू."

हा विनोद दर आठवड्याला व्हायचा आणि दर आठवड्याला लोक नव्याने हसायचे.

प्राप्ती पहिल्या वर्गात बी.कॉम. झाली. अलिबागच्या कचेऱ्यांनी अनुभव मागितला. गावात अनुभव एकाच ठिकाणी मिळत होता. शेठ मनाने मोठा. त्याने जुनं काहीच मनात ठेवलं नव्हतं.

"वही तपासायची व्हती ना तुला? घे, तूच लिव आता. आन् तूट लिवायची राह्यली, तर ती तुज्या पगारातनं."

पहिल्याच शनिवारी चंद्राबाई दोन पाट्या घेऊन आली. लेकीला खुर्चीत बसलेली पाहून तिने पदराने तोंड पुसलं. शेठ चहा पीत होता. त्याने मान वर केली नाही, गरज नव्हती.

"किती झालं गं, बाय?" चंद्राबाईने लेकीला विचारलं.

प्राप्तीचं पेन थांबलं. मग चाललं.

"सोळा."

येसाजीशेठने विनोदासाठी कप खाली ठेवला. पण चंद्राबाई भांडलीच नाही.

"तू लिवलंस ना? मंग बराबर हाय."

संध्याकाळी प्राप्ती घरी आली, तेव्हा आई ओल्या काथ्याने दार घासत होती. वर्षानुवर्षांच्या रेघा काळ्या पाण्यातून उंबऱ्यावर उतरत होत्या.

"आता कशाला पायजेत?" चंद्राबाई म्हणाली. "उगा दार घान दिसतंय."

प्राप्तीने दुसरी बादली भरून आणून दिली.